पहिली नळी

पहिली नळी भरली आणि सिस्टरनी ती बाजूच्या ट्रेमध्ये ठेवून दिली. तिच्यावर ना नंबर, ना चिठ्ठी. पुढच्या चार नळ्यांवर मात्र आधीच छापलेल्या चिठ्ठ्या होत्या, आणि भरलेली प्रत्येक नळी त्या हलक्या हाताने सात-आठ वेळा उलटीसुलटी करत होत्या. मी विचारलं, "ही का बाजूला?" त्या म्हणाल्या, "काकू, सुई आत जाताना शिरेच्या आतल्या अस्तराला खरचटते. तिथून सुटलेल्या पेशी पहिल्या रक्तात येतात. आम्हाला त्या नकोत. तुमच्या रक्तात आधीपासून फिरत असलेल्या पेशी मोजायच्या आहेत."

त्या फिरत्या पेशींसाठीच मी सकाळी उपाशीपोटी तिथे जाऊन बसले होते. आदल्या दिवशी जोरात चालायचं नाही असं बजावलेलं होतं, कारण दमवणाऱ्या व्यायामानंतर या पेशी काही काळ रक्तात वाढतात. त्याआधी एकदा तारीखच पुढे गेली होती. मला ताप येऊन गेला होता आणि फोनवर ते मी सहज बोलून गेले, तर त्यांनी सरळ महिनाभर थांबायला सांगितलं. अंगात संसर्ग असला किंवा कुठे जखम झाली की हाडांच्या आतली मज्जा कामाला लागते. मग मोजणीत जो आकडा येतो तो माणसाचा कमी आणि त्या तापाचा जास्त असतो.

मी ६८ वर्षांची आहे. आयुष्यभर मुद्रितशोधन केलं. डावीकडे मूळ प्रत, उजवीकडे मुद्रित, आणि नजर या कागदावरून त्या कागदावर. ही सवय इतकी अंगात मुरलेली की मधे कोणी बोललं तरी ओळ सुटत नसे. दोनेक वर्षांपूर्वी ओळ सुटायला लागली. शब्द आठवत होते, नावं आठवत होती, व्याकरण जागेवर होतं. पण मूळ प्रतीवरून नजर परत येईपर्यंत मी कुठे होते तेच हरवायचं. एका फर्म्याला पूर्वी जेवढा वेळ लागे त्याच्या दीडपट लागू लागला. मी कोणाला सांगितलं नाही. लेकीच्या लक्षात आलं ते वेगळ्याच गोष्टीवरून. मी चालता चालता तिच्याशी बोलत होते, आणि बोलायचं असलं की मी थांबत होते. दोन्ही एकदम होत नव्हतं.

तिला भीती वाटली, कारण तिने तिच्या आजीला, म्हणजे माझ्या आईला, अशीच थांबताना पाहिलं होतं.

आई उतारावरून घसरावी तशी विसरत गेली नाही. ती पायऱ्या उतरावी तशी गेली. कित्येक महिने सगळं जसंच्या तसं असायचं, आणि मग एखाद्या सकाळी काहीतरी नाहीसं झालेलं असायचं. आधी हिशेब गेला. मग पावलं लहान झाली, पाय जमिनीला चिकटल्यासारखे. मग तिला कशातच रस वाटेना. आमची नावं, आमच्या लहानपणच्या गोष्टी तिला जवळजवळ शेवटपर्यंत आठवत होत्या, त्यामुळे "स्मरणशक्ती चांगली आहे की, वय झालंय फक्त" असं सगळेच म्हणत. ज्यांच्याकडे तिला तपासायला नेलं त्यांनीही तेच सांगितलं.

माझ्या नेहमीच्या डॉक्टरांनी मला या अभ्यासाबद्दल सुचवलं. साठीच्या पुढची, पक्षाघात न झालेली माणसं हवी होती. दोन भेटी, मधे एक वर्ष. प्रत्येक भेटीत रक्त, रक्तवाहिन्यांची चाचणी, मेंदूचा एमआरआय आणि स्मरणाच्या-विचारांच्या परीक्षा. रक्तातल्या दुरुस्ती करणाऱ्या पेशी आणि मेंदूची तब्येत यांचा काही मेळ बसतो का, एवढं त्यांना पाहायचं होतं.

संमतिपत्र चौदा पानांचं होतं. मी ते घरी आणून दोनदा वाचलं. एक वाक्य ठळक छापलेलं होतं: या अभ्यासात भाग घेतल्याने तुम्हाला व्यक्तिशः काही फायदा होईलच असे नाही. शेवटी काही चौकटी होत्या. एमआरआयमध्ये अनपेक्षित काही दिसलं तर कळवायचं का? मी 'हो'वर खूण केली, पण तिथे पेन बराच वेळ अडला. उरलेला नमुना पुढच्या संशोधनासाठी साठवून ठेवायचा का? तिथे मी 'नाही' म्हटलं. आपल्या शरीराचा एक अंश वर्षानुवर्षं कुठेतरी गोठून पडलाय, ही कल्पनाच मला सहन होईना.

पहिल्या भेटीत आधी परीक्षा झाली. त्या चाचण्यांतले शब्द आणि चित्रं मी इथे लिहिणार नाही, कारण आधी माहीत असलं की ती परीक्षा राहत नाही. पण एक प्रकार सांगते. कागदभर विखुरलेले अंक क्रमाने रेघेने जोडायचे. ते मी भराभर केलं. मग अंक आणि अक्षरं मिसळलेली. एकदा अंक, मग अक्षर, मग पुढचा अंक, असं आलटूनपालटून जोडत जायचं. तिथे माझा हात अडखळला. पुढचं काय हे माहीत असायचं, पण एका रुळावरून दुसऱ्या रुळावर जाताना मधे पोकळी यायची. मुद्रितं वाचताना यायची तीच पोकळी. माझ्या समोर कोणीतरी घड्याळ लावून ती मोजत होतं, आणि मला रडू येईल असं वाटलं.

शब्दांची यादी आठवायची होती, त्यात निम्मे सुटले. पण "यातला कोणता शब्द यादीत होता?" असं विचारल्यावर सगळे बरोबर सांगितले. मुख्य संशोधक डॉक्टर बाईंनी नंतर समजावलं, "आत साठवलेलं आहे, बाहेर काढायला वेळ लागतोय. मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांचा त्रास असला की असं पुष्कळदा दिसतं. अल्झायमरमध्ये बऱ्याचदा खूण दिली तरी आठवत नाही, कारण ते आत नीट नोंदलंच गेलेलं नसतं. पण एवढ्यावरून मी तुमचं निदान करणार नाही."

त्या बाईंचं बोलणं मला आवडायचं. घाई नव्हती. त्यांनी मला कागदावर एक केशवाहिनी काढून दाखवली. मेंदूचं वजन शरीराच्या साधारण २ टक्के, पण विसावलेल्या शरीराला लागणाऱ्या प्राणवायूतला जवळपास पाचवा हिस्सा तो घेतो, आणि साठा जवळजवळ ठेवत नाही. त्यामुळे मेंदूतल्या प्रत्येक पेशीला एखादी केशवाहिनी अगदी शेजारी लागते. त्या केशवाहिनीची भिंत म्हणजे चपट्या पेशींचा एकच थर. मेंदूत हा थर इतका घट्ट जुळलेला असतो की रक्तातलं वाटेल ते आत शिरू शकत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पॉल एर्लिश यांनी प्राण्यांच्या रक्तात रंग सोडले, तेव्हा बाकीचे अवयव रंगले आणि मेंदू कोराच राहिला. त्यांनी तेव्हा त्याचं कारण वेगळं लावलं होतं. ती राखण भिंतीची आहे, हे पुढच्या लोकांनी दाखवलं.

हा थर झिजतो. वाढलेला रक्तदाब, साखर, तंबाखू, नुसतं वय. झिजलेल्या जागी शेजारच्या पेशी विभागून भर घालतात. मोठ्या माणसात दुरुस्तीचा तेवढाच मार्ग आहे, असं बराच काळ समजलं जाई. १९९७ साली ताकायुकी आसाहारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रौढ माणसाच्या रक्तातून अशा पेशी वेगळ्या काढल्या, ज्या प्रयोगशाळेत रक्तवाहिनीच्या अस्तरासारखं रूप घेत होत्या. त्यांना एंडोथेलियल प्रोजेनिटर सेल्स म्हणतात. अस्तराच्या पूर्वज पेशी म्हणू या. अस्थिमज्जेतून निघून इजा झालेल्या जागी जाऊन बसणारी दुरुस्तीची पलटण, अशी ती कल्पना होती.

मला ही कल्पना इतकी आवडली की डॉक्टर बाईंना पुढचं वाक्य सांगताना जरा जड गेलं असावं. त्या म्हणाल्या, "गोष्ट एवढी सरळ राहिली नाही." ज्यांना पूर्वज पेशी म्हटलं त्यातल्या पुष्कळशा स्वतः भिंत होत नाहीत, असं पुढे दिसलं. त्या रक्ताच्याच कुळातल्या. इजेच्या जागी जाऊन त्या रासायनिक संदेश सोडतात आणि तिथल्या पेशींना वाढायला लावतात. खरोखर भिंत होऊ शकणाऱ्या पेशी वेगळ्या आणि फारच थोड्या. बशीत वाढवल्या तर दोन-तीन आठवड्यांनी फरसबंदीसारखा थर धरतात. म्हणजे पलटणीत गवंडी विरळाच, मुकादम जास्त. यावर संशोधकांत वर्षानुवर्षं वाद झाले, नावंसुद्धा बदलावी लागली.

हाताची चाचणी मला अनपेक्षितरीत्या भावली. आडवं झोपवून दंडातली मुख्य धमनी सोनोग्राफीच्या पडद्यावर धरतात, तिची रुंदी मोजतात. मग बीपीच्या यंत्रासारखा पट्टा हाताला बांधून पाच मिनिटं रक्त अडवून ठेवतात. बोटं थंड पडली, मुंग्या आल्या, तळहात पांढरा झाला. पट्टा सोडला आणि रक्त लोंढ्यासारखं आत आलं. त्या लोंढ्याच्या घासण्याने अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं आणि धमनी थोडी रुंदावते. किती रुंदावली, त्यावरून अस्तर किती जिवंत आहे ते कळतं. या वायूचा रक्तवाहिन्यांतला संदेशवाहक म्हणून शोध लावल्याबद्दल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८ चं नोबेल मिळालं. मी पडद्याकडे बघत होते. माझी धमनी दाराची फट वाढावी इतकी सावकाश रुंदावत गेली. इतक्या वर्षांत शरीराच्या आत काहीतरी असं उमलताना मी पाहिलंच नव्हतं.

एमआरआयबद्दल फार सांगत नाही. डोक्यावर जाळीसारखा साचा, कानांत बोळे, हातात दाबायचा रबरी फुगा, आणि पाऊण तास हलायचं नाही. एक भाग मात्र वेगळा होता. त्यात शिरेतून कुठलंही औषध न सोडता मेंदूचा रक्तपुरवठा मोजतात. मानेतून वर जाणाऱ्या रक्तातल्या पाण्यावरच चुंबकाने खूण करतात आणि एक-दोन सेकंदांनी ते पाणी मेंदूत कुठे पोचलं ते टिपतात.

मी हट्टाने मागितलं म्हणून मला पेशी मोजायची खोली दाखवली. रक्ताचे नमुने काही तासांतच तपासायला घ्यावे लागतात, म्हणून ती खोली अगदी जवळ होती. एका नळीत थर लागलेले होते. वर पिवळसर द्रव, तळाला लाल, आणि मधे धुक्यासारखी एक पांढुरकी कडी. हवं ते सगळं त्या कडीत. ती अलगद उचलून घेतात, चमकणारे रंग जोडलेली प्रतिपिंडं तिच्यात मिसळतात. सीडी-३४ नावाची खूण ज्या पेशीवर असेल तिला एक रंग चिकटतो, दुसरी खूण असेल तिला दुसरा. मग त्या पेशी एकामागून एक, एका रांगेत, लेझरच्या झोतापुढून जातात. पडद्यावर प्रत्येक पेशीचा एक ठिपका. ठिपक्यांचे ढगच्या ढग जमत होते. तंत्रज्ञ मुलगा एका कोपऱ्यात चौकट आखत म्हणाला, "काकू, आपलं काम एवढ्याच भागात." त्या चौकटीत विरळ, सुटे ठिपके होते. दहा हजार पेशींत जेमतेम काही सापडणाऱ्या पेशी. नमुना कोणाचा ते त्यालाही माहीत नव्हतं. मला मात्र ते ठिपके मोजावेसे वाटत होते.

तीन आठवड्यांनी डॉक्टर बाईंनी बोलावलं. एमआरआयमध्ये मेंदूच्या आतल्या पांढऱ्या भागात काही ठिपके दिसले होते. ० ते ३ अशा मोजपट्टीवर १. साठीनंतर बहुतेकांच्या मेंदूत असे थोडे तरी असतात, हे त्यांनी लगेच सांगितलं. पण त्या चित्रात माझी कवटी, माझे डोळे, आणि आत कापसाचे कण उडून पडावेत तसे ते पांढरे डाग बघताना "बहुतेकांच्या" या शब्दाचा आधार वाटला नाही. जिथे बारीक वाहिन्यांनी रक्त नीट पोचवलं नाही, भिंत गळकी झाली, तिथली तारांची वेष्टणं खराब झाल्याचे ते डाग. मेंदूच्या एका भागाला दुसऱ्याशी जोडणाऱ्या तारा. मला अंक आणि अक्षरांच्या मधली ती पोकळी आठवली.

मी विचारलं, "माझ्या पेशी किती निघाल्या?"

त्या म्हणाल्या, ते सांगता येणार नाही.

मला राग आला. तो मी लपवला नाही. माझं रक्त, माझ्या पेशी, आणि मलाच आकडा नाही? त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग जे सांगितलं ते मी घरी येऊन वहीत लिहून ठेवलं. आकडा सांगितला तर तुम्ही त्याचा अर्थ लावाल, आणि एका माणसाच्या एका आकड्याला आज अर्थ नाही. हृदयाच्या रुग्णांत याचा पुरावा बऱ्यापैकी आहे. २००५ साली ५१९ रुग्णांचा एक अभ्यास आला, त्यात या पेशी कमी असणाऱ्यांमध्ये वर्षभरात हृदयविकाराने मृत्यू जास्त झाले. मेंदूचं चित्र मात्र गुंतागुंतीचं आहे. पेशी कमी असल्या तर साठा संपत आलाय असं असू शकतं. जास्त असल्या तर साठा भरलेला आहे, किंवा कुठेतरी मोडतोड चालू आहे म्हणून मज्जा त्या धाडते आहे, असंही असू शकतं. "भांडं भरलेलं आहे की नळ उघडा राहिलाय, हे एकदा बघून कळत नाही," त्या म्हणाल्या. "म्हणूनच दोन भेटी, आणि म्हणूनच पुष्कळ माणसं."

त्यांनी माझ्या हातात दिलं ते वेगळंच. चोवीस तास बीपी मोजणारं यंत्र मला बांधलेलं होतं, दर अर्ध्या तासाने रात्रीही पट्टा फुगायचा. दवाखान्यात माझा वरचा आकडा १३६-१३८ यायचा आणि कोणी काळजी केली नव्हती. झोपेत तो दिवसापेक्षा १० ते २० टक्के उतरायला हवा. माझा उतरतच नव्हता. रात्रभर त्या एका पेशीच्या भिंतीवर दिवसाइतकाच मारा. हे माझ्या नेहमीच्या डॉक्टरांकडे पाठवलं गेलं, घोरण्याची चौकशी झाली, औषध सुरू झालं. ते घ्यायला मी कुरकुर केली नाही, कारण डॉक्टर बाईंनी मला आणखी एक अभ्यास सांगितला होता. २०१९ साली निष्कर्ष आलेला, पन्नाशीपुढच्या ९३६१ माणसांचा. ज्यांचा वरचा दाब १२० च्या खाली आणण्याचा प्रयत्न झाला, त्यांच्यात सौम्य बोधनऱ्हास, म्हणजे स्मरणाची-विचारांची सौम्य घसरण, १४० च्या आतवाल्यांपेक्षा सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी झाला, आणि पांढरे डागही कमी वाढले. स्मृतिभ्रंशाबाबत फरक पक्का म्हणण्याइतका निघाला नाही. मला हे शेवटचं वाक्यही त्यांनी सांगितलं, याचं समाधान वाटलं.

रोज चालायलाही लागले. व्यायामाने या पेशी वाढतात असं काही छोट्या अभ्यासांत दिसलंय, पण मी त्यासाठी चालत नाही. चालताना बोलायचा सराव करते. लेक फोनवर असते.

त्या दिवसांत कधीतरी मी आईच्या जुन्या कागदांचा गठ्ठा काढला. तिच्या सीटी स्कॅनच्या फिल्म त्यात होत्या, अहवालासकट. अहवालात खालून तिसरी ओळ होती: बारीक रक्तवाहिन्यांच्या दीर्घकालीन विकाराशी सुसंगत बदल, वयोमानानुसार. हा कागद मी तेव्हा वाचला होता. स्वल्पविरामाआधी काय आहे आणि नंतर काय आहे हे बघण्यात माझं आयुष्य गेलं, आणि त्या ओळीतलं मी फक्त शेवटचं "वयोमानानुसार" वाचून पुढे गेले. तिचं बीपी नेहमीच चढलेलं असायचं. गोळी ती आठवड्यातून दोन-तीनदा विसरायची आणि आम्ही म्हणायचो, राहू दे, किती गोळ्या घेईल बिचारी.

ती फिल्म मी डॉक्टर बाईंना नेऊन दाखवली. खरं तर त्यांच्या कामाचा तो भाग नव्हता. त्यांनी ती खिडकीच्या उजेडात धरली, बराच वेळ बघितली, आणि बोटाने मधल्या पोकळ्यांच्या कडेने काळपट झालेला भाग मला दाखवत गेल्या. सीटीत हे डाग काळे दिसतात. मग म्हणाल्या, "त्यांना किती जड जात असेल." इतक्या वर्षांत आईबद्दल असं कोणी म्हटलं नव्हतं.

दुसरी भेट वर्षाने झाली. तेच सगळं पुन्हा. अंक-अक्षरांच्या चाचणीत काही सेकंद कमी लागले. दुसऱ्यांदा केलं की सरावाने एवढं होतंच, असं परीक्षा घेणाऱ्या मुलीने आधीच सांगून टाकलं. पांढरे डाग होते तेवढेच वाटतात. एका वर्षात फारसं बदलतही नाही. पेशींचा आकडा मी विचारला नाही.

सिस्टर त्याच होत्या. पहिली नळी भरली, त्यांनी ती बाजूच्या ट्रेमध्ये ठेवली. मग संमतिपत्राची नवी प्रत पुढे केली, कारण वर्षाने ती पुन्हा भरावी लागते. साठवणीची चौकट तेराव्या पानावर होती. मी विचारलं, ठेवतात कुठे? द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर, त्या म्हणाल्या, आणि नळीवर नाव नसतं, फक्त क्रमांक. पुढे कधी या पेशी मोजायची बरी पद्धत निघाली, तर तेव्हाही हे रक्त उपयोगी पडेल.

मी 'हो'वर खूण केली आणि हात पुढे केला.